ताका आणि कटपीस

व्यापारी घरात पैशाचा हिशोब रोजच्या रोज लागतो. रोजमेळात पाच रुपयांची तफावत निघाली, तरी ती सापडेपर्यंत दुकानातला माणूस घरी निघत नाही. वेळेची वही मात्र आपल्यापैकी फार थोड्यांकडे असते. आठवडा कुठे गेला असे विचारले, तर ‘कामात गेला’ एवढेच उत्तर मिळते. त्यातला किती जमा झाला आणि किती कोणाच्या नावे पडला, हे सांगता येत नाही.

गेली काही वर्षे मी दुकान सांभाळून दोन नेम पाळते. एक विणकामाचा, तेही घरच्यांसाठी नव्हे, तर ज्यांची ओळखदेख नाही अशांसाठी. दुसरा वाचनाचा. त्यामुळे महिला मंडळाच्या बैठकीत, लग्नकार्यात, कधी दुकानाच्या ओट्यावरसुद्धा भगिनी विचारतात, “एवढ्या धबडग्यात तुम्ही विणता कधी आणि वाचता कधी?” उभ्या उभ्या या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ते सविस्तर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर देवपुरात आणि दुकान पांझरेच्या पलीकडे, जुन्या धुळ्यातील आग्रा रोडच्या बाजारपेठेत. कापडाचा व्यवसाय तीन पिढ्यांचा. सकाळी दहाला दुकान उघडते, रात्री साडेआठला शटर खाली येते. गल्ला, बिले आणि उधारीची वही माझ्याकडे असते. महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेच्या आसपास जीएसटीच्या कागदांची घाई. लग्नसराईत जेवणाची वेळ पाळता येत नाही, आणि दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात तर घरी केवळ झोपायला यावे. घरात सासूबाई आहेत, धाकट्या दिरांचे कुटुंब आहे, येणे-जाणे आहे, सणवार आहेत. हे सारे आपल्या बहुतेक घरांचेच चित्र आहे. मी काही वेगळी नाही. आठवड्याचे १६८ तास सर्वांना सारखेच मिळतात. प्रश्न ते कापायचे कसे एवढाच असतो.

कापडाच्या दुकानात बसणाऱ्याला कापण्याचे भान आपोआप येते. आमच्याकडे माल दोन रूपांत असतो. एक ताका : अखंड, घडी न मोडलेला. दुसरा कटपीस : ताका विकता विकता उरलेला मीटर-दीड मीटरचा तुकडा. नवख्या माणसाला कटपीस म्हणजे उरलासुरला माल वाटतो. जाणते गिऱ्हाईक मात्र त्या ढिगातून लहानग्याचे झबले, उशीचा अभ्रा, ब्लाउजचे अस्तर बरोबर निवडून नेते. ज्याला लांब पडदा शिवायचा आहे त्याने कटपीसच्या ढिगाकडे जाऊ नये, आणि ज्याला झबले शिवायचे आहे त्याने ताका फाडू नये. वेळेचेही तसेच आहे, हे माझ्या थोडे उशिरा ध्यानात आले. पण आले तेव्हा आठवड्याची घडीच बदलली.

माझ्या दिवसातले कटपीस मी एकदा सलग पंधरा दिवस डायरीत मांडले. दुकान उघडल्यापासून पहिले गिऱ्हाईक येईपर्यंत दहा मिनिटे. दुपारी बाजार सुस्तावतो तेव्हा मिळून पंधरा-वीस मिनिटे. मुनीमजी बँकेतून परत येईपर्यंतची वाट. सासूबाईंना दवाखान्यात नेले की नंबर लागेपर्यंतचा वेळ. खरेदीसाठी सुरतेला जाताना कोंडाईबारीचा घाट लागेपर्यंतचा सरळ रस्ता. बेरीज केली तेव्हा दिवसाला सरासरी चाळीस मिनिटे निघाली. सहा दिवसांचे झाले चार तास. एवढे कापड रोज दुकानात मोकळे पडलेले असते आणि कोणाच्याही हिशोबात नसते.

हे तुकडे विणकामाला नेमके पुरतात. सुईवरचा टाका गिऱ्हाइकाची वाट पाहत थांबतो. अर्ध्या ओळीत हात थांबवला, दोन साड्या दाखवल्या, बिल केले आणि परत आले, तरी टाके जिथल्या तिथे असतात. कुठे होतो ते आठवावे लागत नाही, डोळ्यांना दिसते. अर्थात त्यासाठी वीणही सोपी निवडावी लागते. गल्ल्यावर बसून जाळीची नक्षी किंवा वेण्यांची वीण विणता येणार नाही. मी एकच गोष्ट विणते : अपुऱ्या दिवसांच्या बाळांची टोपडी. दहा नंबरच्या सुया, चार पदरी मऊ सुती धागा, ७२ टाके, आणि संपूर्ण टोपडे ‘एक सुलट, एक उलट’. सुती धाग्याला लोकरीसारखा ताण नसतो. तो या विणीतून येतो. टाके घालण्यापासून टोकाला धागा ओवून घट्ट आवळण्यापर्यंत मला साधारण चार तास लागतात. म्हणजे आठवड्याला एक टोपडे. हीच टोपडी का, ते पुढे सांगते.

वाचन या तुकड्यांत बसत नाही, निदान माझे तरी बसत नाही. पुस्तक उघडावे, दोन परिच्छेद वाचावेत, तोच “परकर दाखवा” अशी हाक यावी. परत येईतो लेखकाने जो विचार हातात दिला होता तो निसटलेला असतो. धाग्याला सुई धरून ठेवते, विचाराला धरून ठेवणारी सुई नाही. अशा तुकड्यांत आपण वाचतो ते बहुधा मोबाइलवर पुढे ढकललेले सुविचार. ते वाचून काही वाचल्यासारखे वाटते आणि संध्याकाळी त्यातले एकही आठवत नाही. वाचनाला ताका हवा, अखंड आणि घडी न मोडलेला.

असा ताका आपल्या घरांत पूर्वापार आहे, तो नव्याने विकत घ्यावा लागत नाही. सामायिकाची दोन घटका म्हणजे ४८ मिनिटे. त्या वेळात सुयांना हात लावता येत नाही, फोन घेता येत नाही, गल्ल्याची किल्ली कोणी मागत नाही. स्वाध्यायाला मात्र पूर्ण मुभा आहे. व्यापारी कुटुंबात ज्या ४८ मिनिटांत आपल्याला कोणीही हाक मारत नाही, अशी दुसरी वेळ मला तरी माहीत नाही. सकाळचे सामायिक मी ग्रंथवाचनासाठी ठेवले. इतर वाचनासाठी दुकान बंद असते त्या दिवशीची दुपार, दीड तास. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी अशाच सात दुपारी वाचून संपवली. रोज रात्री उशाशी घेऊन वाचायला बसले असते, तर दुसऱ्या पानावर डोळे मिटले असते.

आठवड्यातून एकदाच, पण ठरल्या दिवशी, एवढ्या नेमाने काय उभे राहू शकते याचा दाखला शोधायला धुळेकरांना गावाबाहेर जावे लागत नाही. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी सोबतच्या राजबंद्यांसमोर गीतेवर प्रवचने केली. रोज नव्हे, फक्त रविवारी. २१ फेब्रुवारीच्या रविवारी पहिला अध्याय झाला आणि १९ जूनच्या रविवारी अठरावा. मधल्या एकाही रविवारी खंड पडला नाही, कारण अठरा अध्यायांना बरोबर अठरा रविवार लागले. श्रोत्यांमध्ये साने गुरुजी होते. बोलणाऱ्याच्या वेगाने ते लिहून घेत गेले, आणि त्या टिपणांतून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. पुढे त्याची कितीतरी भाषांत भाषांतरे झाली. आठवड्यातला तो एक ताका कोणी कापू दिला नाही, म्हणून ते पुस्तक आज आपल्या हातात आहे.

या गणिताचा उपयोग मी दुसऱ्या एका ग्रंथासाठी केला. भगवान महावीरांच्या पंचवीसशेव्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने, विनोबांच्याच प्रेरणेने ‘समणसुत्तं’ तयार झाला. जिनेंद्र वर्णी यांनी संकलन केले आणि १९७४ मध्ये सर्व संप्रदायांच्या संमतीने तो स्वीकारला गेला. त्यात ७५६ गाथा आहेत. एकदम पाहिले की आकडा मोठा वाटतो. आठवड्याला १५ गाथा धरल्या, तर ५१ आठवड्यांत ग्रंथ पूर्ण होतो. रोजच्या दोन-तीन गाथा, अर्थासह, थांबून, परत मागे जाऊन. व्यापाऱ्याला हप्ता समजतो. मोठी रक्कम फेडायची असेल तर ती हप्त्याने फेडावी, एवढीच ही युक्ती.

आता विणकामाच्या बाजूने उठलेला एक आक्षेप सांगते, कारण तो बिनतोड होता आणि घरातूनच आला. आमचे धाकटे दीर हिशोबाला फार पक्के. मी काउंटरमागे विणताना दिसले की ते काही बोलत नसत. एकदा मात्र कागद-पेन घेऊन समोर बसले आणि म्हणाले, “भाभी, राग मानू नका. साधी टोपी बाजारात चाळीस-पन्नास रुपयांना मिळते. तुमचे तिला चार तास लागतात. आपल्या दुकानात चार तास बसणाऱ्या पोरालासुद्धा आपण याहून जास्त देतो. दानच करायचे तर पैसे काढा, मी लुधियानाहून माल मागवतो. तुमच्या एका वर्षाच्या विणकामाचे काम एका फोनवर होईल.”

त्यांचे म्हणणे मी मनावर घेतले, आणि आम्ही दोघांनी मिळून पूर्ण हिशोब मांडला. सातपुड्यात, तोरणमाळ आणि डाबच्या बाजूला, हिवाळ्यात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. तिकडच्या आश्रमशाळांतील मुलांसाठी स्वेटर द्यावेत, असे घरात बरेच दिवस चालले होते. दहा वर्षांच्या मुलाचा स्वेटर हाताने विणायला मला किमान तीस तास लागतात. शंभर स्वेटर म्हणजे तीन हजार तास. आठवड्याला चार तासांप्रमाणे ७५० आठवडे, म्हणजे चौदा वर्षांहून अधिक. तोवर ती मुले स्वतःच आईबाप झालेली असतील. लुधियानाच्या यंत्रावरचा स्वेटर मजबूत असतो, मापात असतो, धुतला तरी टिकतो. आणि हिवाळ्याचा माल उन्हाळ्यातच नोंदवला तर भावही चांगला लागतो. आपल्या गावात दर थंडीत तिबेटी स्वेटरवाले दुकाने मांडतात, त्यांचाही बराच माल तिकडूनच येतो. तिथे माझ्या सुयांचे काही काम नव्हते. दिरांचे म्हणणे सोळा आणे खरे होते, आणि त्या वर्षापासून आश्रमशाळेचे स्वेटर तेच मागवतात. मोजमापाची यादी शाळेकडून जूनमध्ये येते, पैसे घरातून निघतात, आणि पहिल्या थंडीच्या आत गठ्ठे पोहोचतात.

टोपड्यांची गोष्ट मात्र वेगळी होती, आणि ती मला माझ्या नातीने शिकवली.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दिवस पूर्ण भरण्याआधी, आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच तिला त्रास होऊ लागला आणि रात्री घाईघाईने रुग्णालयात न्यावे लागले. नात जन्मली तेव्हा तिचे वजन १४८० ग्रॅम होते. दीड किलोला वीस ग्रॅम कमी. धान्याच्या व्यापाऱ्याने तागडीत धरावे एवढे ते वजन. त्यात एक पूर्ण जीव होता. नवजात बालकांच्या कक्षात काचेपलीकडून ती दिसायची. पुढे तिची प्रकृती थोडी स्थिरावल्यावर डॉक्टरांनी तिला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सांगितले. या पद्धतीला कांगारू मातृ-सेवा म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एदगार रेय यांनी ती सुरू केली. तिथे काचेच्या पेट्या कमी आणि बाळे जास्त अशी स्थिती होती. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या, म्हणजे अडीच किलोच्या आतल्या बाळांसाठी तिची शिफारस करते. आईच्या अंगाची ऊब हेच औषध. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, मोजे आणि टोपी.

टोपी हवीच, कारण अशा बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, कातडीखाली चरबी जवळजवळ नसते, आणि डोक्यावाटे ऊब भराभर निघून जाते. ऊब टिकवण्यात बाळाची शक्ती खर्च झाली की वजन वाढायला शक्ती उरत नाही. आम्ही धुळ्याचा बाजार पालथा घातला. मिळाली ती सर्वांत लहान टोपी पूर्ण दिवसांच्या बाळाची, जवळपास ३५ सेंटिमीटर घेराची. नातीच्या डोक्याचा घेर २८. टोपी डोळ्यांवरून घसरून नाकापर्यंत यायची. दुकानदारांचाही दोष नव्हता. ज्या मापाचे गिऱ्हाईक महिन्यातून एखादे येते, त्या मापाचा माल कोणी भरत नाही. आम्हीही भरला नसता.

कक्षातल्या सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, “आजी, तुम्हाला विणता येते का? मग मी सांगते त्या मापाने करून आणा.” त्यांनी कागदावर लिहून दिलेल्या सूचना आजही माझ्या सुयांच्या पिशवीत आहेत. घेर २६, २९ आणि ३२ सेंटिमीटर, ताण घेऊन. धागा मऊ, गरम पाण्यात धुतला तरी न आटणारा. बटण नको, मणी नको, रेशमी फीत नको, गोंडा नको. आत धाग्याचे मोकळे टोक राहता कामा नये. बाळाच्या बोटात किंवा केसात अडकते. धुऊन, वाळवून, स्वच्छ पिशवीत घालून, वर माप लिहून द्यायचे. त्या रात्री सासूबाईंनी एक आणि मी एक, अशी दोन टोपडी पहाटेपर्यंत पूर्ण केली. नात आता पहिलीत आहे आणि पाढे म्हणताना सातावर अडते.

दिरांना मी हे सांगितले नाही. ते त्या रात्री रुग्णालयातच होते. पुढच्या वेळी त्यांनी कागद-पेन काढले, ते सुती धाग्याचा भाव विचारण्यासाठी. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम ठरून गेला : जे विकत मिळते त्याला पैसा द्यावा, जे विकत मिळत नाही त्याला वेळ द्यावा. स्वेटर विकत मिळतो, त्याला पैसा. २९ सेंटिमीटरचे टोपडे मिळत नाही, त्याला चार तास. हाच नियम वाचनालाही लागतो. ग्रंथ विकत मिळतो, त्याचा सारांश मोबाइलवर फुकट मिळतो. पण तो वाचून आपल्या मनात जे उमटायचे, ते दुसऱ्याकडून तयार आणता येत नाही. तिथे स्वतःच बसावे लागते.

बाजार जिथे पोहोचत नाही अशा जागा शोधल्या की सापडतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक भगिनींना एक बाजू रिकामी झाल्याचे दुःख मुकाट्याने सोसावे लागते. कपडे नीट बसत नाहीत, चारचौघांत जाण्याचा संकोच वाटतो. सिलिकॉनचे कृत्रिम अवयव महाग असतात, जड असतात, आपल्या उन्हाळ्यात घाम धरतात. अमेरिकेत काही स्त्रियांनी मऊ सुती धाग्याचे, हलके, धुता येणारे स्तनाकार विणून ते विनामूल्य देण्यास सुरुवात केली. ‘निटेड नॉकर्स’ नावाचा तो उपक्रम जयश्री रतन यांनी मुंबईतून भारतात उभा केला. घरोघरी बसलेल्या स्त्रिया ते विणतात आणि गरजू भगिनींना ते पैसे न घेता मिळतात. आपल्या घरांत हा विषय मोठ्याने बोलला जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. ज्यांना क्रोशा किंवा सुया येतात त्यांच्यासाठी हे काम आहे, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी संकोच करू नये.

या दोन्ही कामांत धागा सुती आहे, हेही आपल्याला सोयीचे. ‘लोकर विणलेली आपल्याला चालते का?’ असा प्रश्न मला पुष्कळदा येतो. वस्तुतः श्वेतांबर साधु-साध्वींचा ओघा लोकरीच्या धाग्यांचाच असतो आणि कांबळीही लोकरीची. मेंढीच्या अंगावरून लोकर कातरली जाते, तर रेशमासाठी किड्यांचा जीव जातो. हा भेद आपल्या परंपरेने जाणला आहे. आज दुकानात लोकर म्हणून मिळणारा बहुतेक धागा तर ॲक्रिलिकचा, कारखान्यात रसायनांपासून बनलेला असतो. तरीही नाजूक कातडीच्या बाळाला सूतच बरे, ते टोचत नाही. काळ्या मातीत कापूस पिकवणाऱ्या खानदेशाला सुताचे गुण नव्याने सांगायला नकोत.

सासूबाईंचा उल्लेख वर तीनदा आला. विणकाम मी त्यांच्याकडून शिकले. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. हिमालयात लढणाऱ्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत हे कळताच देशभर घरोघरी स्त्रियांनी सुया हाती घेतल्या. कोणी दागिने संरक्षण निधीत दिले, कोणी स्वेटर आणि मोजे विणले. सासूबाई सांगतात, “तेव्हा शाळेतसुद्धा मधल्या सुट्टीत विणायचो आम्ही. बाजारात मिळतच नव्हते, म्हणून विणायचे.” नियम मी शब्दांत बसवला, त्यांनी तो साठ वर्षांपूर्वीच पाळला होता.

आता त्यांचे डोळे साथ देत नाहीत. मोतीबिंदू काढला, पण पडद्याचा विकार आहे आणि छापील अक्षर दिसत नाही. ज्या बाईने आयुष्यभर थोकड्यांच्या पुस्तकांची पाने झिजवली, तिला पुस्तक मांडीवर घेऊन नुसते कुरवाळताना पाहणे फार कठीण जाते. बोटे मात्र अजून शाबूत आहेत. सुलट-उलट टाका त्यांना दिसावा लागत नाही, चिमटीत येतो. म्हणून रात्री जेवणानंतर आम्ही अर्धा तास बसतो. मी मोठ्याने वाचते, त्या विणतात. एखाद्या गाथेवर त्या हात थांबवतात आणि म्हणतात, “परत वाच.” मी परत वाचते. कधी त्यांच्याकडून टाका सुटतो, तेव्हा मी थांबते, सुई हातात घेऊन दोन ओळी उसवून टाका उचलून देते. एकीचे डोळे आणि दुसरीची बोटे मिळून एक वाचन आणि एक विणकाम होते. माझ्या आठवड्यात तेवढी एकच वेळ अशी आहे, जिथे ताका आणि कटपीस वेगळे करावे लागत नाहीत.

डॉक्टर म्हणतात, बोटांची थरथर पुढे वाढेल. त्यांनाही ते ठाऊक आहे. गेल्या चातुर्मासात त्यांनी आमच्या धाकट्या जावेला आणि तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला टाके घालायला शिकवले. “माझी जागा रिकामी ठेवू नका,” एवढेच म्हणाल्या.

ज्या भगिनींना असे काही सुरू करावेसे वाटते, त्यांना अनुभवावरून चार गोष्टी सांगते. सुई हाती घेण्यापूर्वी घेणाऱ्याला विचारावे. रुग्णालयातील सिस्टर, शाळेतील शिक्षक यांना काय लागते ते आपल्याहून चांगले ठाऊक असते. जे बाजारात स्वस्त आणि चांगले मिळते ते विणू नये. आठ दिवस आपले कटपीस डायरीत लिहून बेरीज करावी, आणि तेवढ्यात बसेल तेवढेच काम अंगावर घ्यावे. वाचनासाठी आठवड्यातला एक ताका ठरवून घरात सर्वांना सांगून ठेवावा, म्हणजे तो कोणी कापत नाही. एकट्याच्या चार तासांना हसू नये. चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ रोजी स्त्रियांच्या एका गटाने तोवरचे जगातील सर्वांत मोठे क्रोशाचे पांघरूण जोडले, ११,१४८.५ चौरस मीटरचे. ते एका जागी बसून विणलेले नव्हते. घरोघरी, सवडीने केलेले चौकोन एकत्र आणून ते जोडले होते, आणि पुढे ती पांघरुणे गरजूंना वाटली गेली.

वहीपूजनाच्या दिवशी आम्ही घरात या वहीचेही वर्ष बंद करतो. गेल्या दिवाळीला जमा बाजू अशी होती : टोपडी ४६, त्यांतली सासूबाईंची १९, माझी २७. आश्रमशाळेचे स्वेटर ११०, दिरांच्या खात्यावर. ‘समणसुत्तं’ पूर्ण, शिवाय दुपारची सहा पुस्तके. नव्या वहीच्या पहिल्या पानावर जावेच्या मुलीने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आहे : टोपडे, घेर २६, एक.